डोळे आले असता: विषाणूसंसर्ग ओळखण्याची आणि उपचारांची रीत

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला, हवेत दमटपणा मुरला आणि शाळा-आश्रमशाळा भरल्या, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठे ना कुठे डोळे येण्याची साथ डोके वर काढते. एका घरातून ‘डोया उनात’ (अहिराणीत ‘डोळे आले’) असे ऐकू आले, की आठवडाभरात आजूबाजूच्या घरांतही तीच तक्रार असते. यातील बहुतेक डोळे खास औषधाविना बरे होतात आणि धोका इथूनच सुरू होतो. लाल झालेला प्रत्येक डोळा ‘आलेला’ समजला जातो, मेडिकल दुकानातून कुठले तरी थेंब आणले जातात आणि ज्या थोड्या रुग्णांच्या बुबुळावर खरोखर जखम असते, त्यांचे उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. म्हणून घरातील मंडळी, आश्रमशाळांचे शिक्षक व अधीक्षक आणि आशाताई यांना लाल डोळ्याकडे कोणत्या क्रमाने पाहावे हे कळावे, यासाठी हा लेख आहे.

डोळे कशामुळे येतात

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूवर एक पातळ, ओलसर आवरण असते. त्याला सूज आली की रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो आणि त्यातून स्राव येऊ लागतो. ही सूज जिवाणूंमुळे येते, ॲलर्जीमुळे येते, फवारणीच्या औषधाने किंवा धुरानेही येते. पण साथीच्या रूपात पसरणारी सूज बहुधा विषाणूंची असते.

या विषाणूंत सर्वाधिक आढळणारा ॲडिनोव्हायरस होय. संसर्ग झाल्यापासून साधारण 5 ते 12 दिवसांनी त्याची लक्षणे दिसू लागतात. आधी एक डोळा लाल होतो आणि काही दिवसांत दुसराही होतो. कानाच्या अगदी पुढे दाबल्यास दुखणारी बारीक गाठ लागते आणि अनेकदा सोबत घसादुखी किंवा ताप असतो. हा आजार पहिले चार-पाच दिवस वाढतच जातो आणि नंतर उतरतो, हे घरच्यांनी आधीच जाणून घेतले पाहिजे. कारण तिसऱ्या दिवशी डोळा अधिक लाल दिसला की लोक घाबरून औषध बदलतात. पूर्ण उतार पडायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात.

दुसरा गट एन्टेरोव्हायरस-70 आणि कॉक्सॅकी ए-24 यांचा आहे. त्यांची साथ फार वेगाने पसरते, कारण संसर्गानंतर एक-दोन दिवसांतच डोळे येतात आणि बहुधा दोन्ही डोळे जवळजवळ एकदमच येतात. पांढऱ्या भागावर रक्ताचे लालभडक डाग उमटतात, पापण्या सुजतात आणि पाणी धो-धो वाहते. दिसायला हा प्रकार भीतिदायक असला, तरी तो साधारण आठवडाभरात ओसरतो. या आजाराची पहिली मोठी नोंद 1969 मध्ये घाना देशात झाली. अपोलो-11 चंद्रावर उतरल्याचे ते वर्ष असल्याने या साथीला ‘अपोलो’चे नाव चिकटले आणि 1971 मध्ये ती भारतात पोहोचली. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी परिसरापासून राज्यभर ज्या साथीची चर्चा झाली, त्या वर्षी देशात अनेक ठिकाणच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-24 हाच विषाणू आढळला होता. वारीतील मुक्काम, एकाच हौदावरची आंघोळ आणि अंथरुणाला अंथरूण लागून झोपणे हे सारे अशा विषाणूला पूरक ठरते. मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हर्पिसचा विषाणू, नागिणीचा विषाणू आणि गोवराचा विषाणू हे तिन्ही वेगळ्या वाटेने डोळ्यात शिरतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे, कारण त्यांत दृष्टी जाण्याचा धोका खरा असतो.

पहिली पायरी: नजर तपासा, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी

लाल डोळा पाहिला की लोक आधी लाली किती आहे ते पाहतात. मला विचाराल तर लाली सगळ्यांत शेवटी पाहावी. आधी नजर तपासावी. भिंतीवर दिनदर्शिका लावून रुग्णाला दहा फुटांवर बसवावे, चष्मा असल्यास तो घालू द्यावा, डोळ्यावर दाब न देता तळहाताने एक डोळा झाकावा आणि दुसऱ्या डोळ्याने तारखा वाचायला सांगावे. मग डोळा बदलावा. वाचता न येणाऱ्याला बोटे मोजायला सांगावे. डोळ्यात चिपडे किंवा पाणी असेल, तर दोन-तीनदा पापण्या मिटवून उघडल्यावर पुन्हा विचारावे. साध्या संसर्गात पापण्या मिटवल्यावर धूसरपणा निघून जातो. तो तसाच राहिला, किंवा एका डोळ्याला दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी दिसत असेल, तर ‘डोळे आले आहेत’ हे निदान तिथेच बाजूला ठेवून रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासले, तर एका डोळ्याची कमी झालेली नजर दुसरा डोळा झाकून नेतो आणि रुग्णाला स्वतःलाही ते कळत नाही. म्हणूनच डोळा पूर्ण बरा होईपर्यंत ही तपासणी रोज एकदा करावी. तिला खर्च नाही आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळही लागत नाही.

दुसरी पायरी: विचारपूस आणि टॉर्चच्या उजेडातील पाहणी

तपासणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत आणि नंतरही धुवावेत. मग रुग्णाला सावकाश विचारावे. डोळा कधीपासून लाल आहे, आधी एक झाला की दोन्ही एकदम झाले, घरात, वर्गात किंवा कामाच्या टोळीत आणखी कुणाला हे झाले आहे का, डोळ्यात काही उडाले होते का, कॉन्टॅक्ट लेन्स वापरली जाते का आणि आतापर्यंत कोणते थेंब घातले, हे सारे विचारले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तरी बाटली दाखवायला सांगावी.

स्रावाचे स्वरूप बरेच काही सांगते. विषाणूसंसर्गात पाण्यासारखा, फार तर किंचित शेंबडासारखा स्राव असतो, वाळू गेल्यासारखे खुपते आणि आग होते. जिवाणूसंसर्गात पिवळा-हिरवा पू दिवसभर येत राहतो आणि सकाळी पापण्या घट्ट चिकटलेल्या असतात. मात्र रात्रभर डोळा मिटलेला असल्याने सकाळी थोडे चिकटणे विषाणूसंसर्गातही घडते. एवढ्यावरून प्रतिजैविक सुरू करू नये. ॲलर्जीत खाजेचा भाग सर्वांत मोठा असतो. रावेर-यावल पट्ट्यात आणि भुसावळच्या बाजूला एप्रिल-मेच्या रखरखत्या उन्हात व धुळीत शाळकरी मुले डोळे चोळत असतात, डोळ्यातून दोरीसारखा चिकट पांढरा स्राव येतो आणि दरवर्षी त्याच ऋतूत तीच तक्रार उद्भवते. ते विषाणूचे डोळे येणे नव्हे आणि त्यापासून इतरांना संसर्गही होत नाही.

टॉर्चने पाहताना लाली नेमकी कुठे आहे, याकडे लक्ष द्यावे. साध्या डोळे येण्यात लाली पापणीच्या बाजूला अधिक आणि बुबुळाकडे कमी असते. बुबुळाच्या कडेला गोल कडे करून गडद लाली दिसली, तर डोळ्याच्या आतला दाह किंवा बुबुळाची जखम संभवते. बुबुळ चकचकीत आणि स्वच्छ आहे की त्यावर पांढुरका ठिपका आहे, दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का, उजेड पडल्यावर त्या आकसतात का, हेही पाहावे. शेवटी कानाच्या पुढची गाठ बोटाने चाचपावी, कपाळावर, नाकावर व पापणीवर पुरळ किंवा फोड आहेत का ते पाहावे आणि गळ्यात, अंगावर गोवराचे पुरळ नाहीत याची खात्री करावी.

तिसरी पायरी: ज्यांना ‘डोळे आले’ म्हणून घरी थांबवू नये

नजर कमी होणे, खुपण्यापलीकडचे खोल ठणकते दुखणे, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, बाहुलीचा आकार बदललेला असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोके व डोळा भयंकर दुखून उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो; त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो. जन्मल्यापासून 28 दिवसांच्या आतील बाळाचा डोळा चिकटला किंवा सुजला, तर ‘उष्णता झाली’ असे म्हणून थांबू नये. अशा बाळाला होणारा गोनोरियाचा संसर्ग बुबुळ दोन-तीन दिवसांत नष्ट करू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाल्यास लेन्स काढावी, ती टाकून द्यावी आणि तपासणी करून घ्यावी.

शेतात काम करणाऱ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ज्वारी-मक्याचे पाते, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, उसाचे पाचट किंवा मळणीत उडालेला भुसा डोळ्याला लागला आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी एकच डोळा लाल होऊन दुखू लागला, तर बुबुळावर बुरशीचा संसर्ग झाल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी. ही बुरशी सावकाश वाढते आणि सुरुवातीला दुखणेही तितके तीव्र नसते. त्यामुळे शेतकरी कामाच्या घाईत साधे थेंब घालत राहतो. त्या थेंबांत स्टेरॉइड (सूज दाबणारे औषध) असेल तर लाली उतरते, माणसाला बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. पुढे बुबुळात फूल पडते आणि त्या डोळ्याची नजर कायमची जाते. काही वेळा डोळाच वाचवता येत नाही. म्हणून पाते लागल्याचा इतिहास असलेला लाल डोळा, साथ ऐन जोरात असली तरी, साथीत मोजू नये. कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशक डोळ्यात उडाले असेल, तर मात्र रुग्णालयाचा रस्ता धरण्याआधी स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे पापण्या उघड्या धरून डोळा धुवावा आणि जाताना औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्यावे.

दवाखान्यात काय तपासले जाते

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असल्यास प्राथमिक तपासणी तिथे होते. बुबुळाचा संशय असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा धुळे, जळगाव व नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग गाठावा. तज्ज्ञ स्लिट लॅम्पवर डोळा मोठा करून पाहतात, पापणी उलटवून आतल्या बारीक पुळ्या आणि चिकटलेला पापुद्रा तपासतात आणि फ्लुरोसीन या पिवळ्या-नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बुबुळ न्याहाळतात. बुबुळावर जखम असेल तेवढा भाग हिरवा चमकतो. या तपासणीला दुखत नाही आणि रंग थोड्या वेळात निघून जातो. विषाणू नेमका कोणता हे ठरवणारी पीसीआर चाचणी साथीच्या अभ्यासासाठी उपयोगी पडते. साध्या रुग्णाच्या उपचारात तिच्यामुळे फरक पडत नाही, म्हणून ती केली नाही तर हयगय झाली असे समजू नये.

चौथी पायरी: साध्या विषाणूसंसर्गाचा उपचार

ॲडिनोव्हायरस किंवा कॉक्सॅकी मारणारे थेंब सध्या उपलब्ध नाहीत. शरीरच त्यांना परतवते, आणि तोवर रुग्णाचा त्रास कमी करणे एवढेच उपचाराचे काम असते. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटे ठेवावे आणि दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. प्रत्येक डोळ्यासाठी कापड वेगळे असावे. चिपडे काढायला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस वापरावा, नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूकडे एकदाच पुसावे आणि तो कापूस टाकून द्यावा. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार ते सहा वेळा घातल्यास खुपणे बरेच कमी होते. दुखत असल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. लहान मुलांना ते वजनाच्या प्रमाणात, डॉक्टरांना विचारून द्यावे. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, पण त्याने संसर्ग थांबत नाही. त्याचप्रमाणे आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने कुणाचेही डोळे येत नाहीत.

थेंब घालताना मान मागे करून खालची पापणी ओढावी, त्या खोबणीत एक थेंब सोडावा, बाटलीचे टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नये आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरावा. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. एक बाटली एकाच माणसाची. घरात तिघांचे डोळे आले म्हणून एकाच बाटलीवर तिघांना भागवले, तर बाटलीच संसर्ग वाटत फिरते. उघडलेली बाटली साधारण महिन्यानंतर टाकून द्यावी.

प्रतिजैविक थेंबांचा विषाणूवर परिणाम होत नाही. स्राव पूसारखा झाला किंवा बुबुळावर ओरखडा असला, तर डॉक्टर ते देतात आणि तसे देणे योग्यच असते. स्टेरॉइडची बाब याहून कितीतरी गंभीर आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी कोणतेही नाव बाटलीवर असेल, तर ते स्टेरॉइड आहे हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. अनेकदा ते प्रतिजैविकासोबत एकाच बाटलीत मिसळलेले असते आणि लाली दोन दिवसांत उतरवत असल्याने ‘चांगले औषध’ म्हणून त्याचे नाव होते. प्रत्यक्षात ते ॲडिनोव्हायरसचा डोळ्यातील मुक्काम लांबवते, हर्पिसची जखम पसरवते, बुरशीला मोकळे रान देते आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू घडवते. बुबुळाची स्लिट लॅम्पवर तपासणी झाल्याशिवाय असे थेंब डोळ्यात घालू नयेत, आणि दुकानदाराने आपणहून दिले तर नम्रपणे परत करावेत. डोळा बधिर करणारे थेंब तर घरी कधीच नेऊ नयेत.

मध, कांद्याचा रस, तुरटीचे पाणी, गुलाबपाणी, आईचे दूध, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. यामागे मायेचा हात असतो हे खरे. पण यांतील एकही पदार्थ निर्जंतुक नसतो आणि सुजलेल्या डोळ्याला तो नवी इजा करू शकतो. थंड पट्टीचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंचे मात्र जरूर ऐकावे.

लाली गेल्यानंतर, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, काहींना पुन्हा धूसर दिसू लागते आणि दिव्यांभोवती तेज पसरते. ॲडिनोव्हायरसच्या काही प्रकारांत बुबुळात बारीक पांढरे ठिपके उमटतात, त्याचे हे लक्षण असते. ते आठवडे, कधी महिने टिकतात आणि बहुतेकदा आपोआप विरतात. त्रास जास्त असेल तर नेत्रतज्ज्ञ देखरेखीखाली सौम्य स्टेरॉइड देतात आणि अगदी हळूहळू कमी करत नेतात. हाच तो अपवाद, जिथे स्टेरॉइडला जागा आहे. पापणीच्या आत पापुद्रा धरला असेल तर तोही तज्ज्ञच काढतात.

हर्पिस, नागीण आणि गोवर

ओठावर तापाने फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू बुबुळावरही येतो. तो बहुधा एकाच डोळ्यात येतो, उजेड सहन होत नाही, पाणी येते आणि असाच त्रास पूर्वीही होऊन गेल्याचे रुग्ण सांगतो. रंग लावून पाहिल्यावर बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम दिसते आणि कापसाच्या धाग्याने स्पर्श केला तर बुबुळाची संवेदना कमी झालेली आढळते. यावर विषाणूविरोधी औषध आहे: ॲसायक्लोव्हिरचे 3 टक्क्यांचे मलम दिवसातून पाच वेळा, किंवा गॅन्सिक्लोव्हिरचे जेल, किंवा डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत पोटात घेण्याच्या ॲसायक्लोव्हिर गोळ्या. आजार पुनःपुन्हा उलटत असेल तर दीर्घकाळ कमी मात्रेत गोळ्या देऊन त्याला आवर घालता येतो, आणि असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांच्या नियमित संपर्कात राहिले पाहिजेत.

नागीण कपाळावर आणि वरच्या पापणीवर एकाच बाजूला उठली, तर डोळ्याची तपासणी लगेच करावी. नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर डोळा आतून सापडण्याची शक्यता बरीच वाढते, कारण दोन्हीकडे जाणारी मज्जातंतूची फांदी एकच असते. प्रौढांना ॲसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस देण्याची पद्धत आहे, मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वाधिक मिळतो. नागीण उतरवण्यासाठी लेप लावून आणि मंत्र म्हणवून घेण्यात हेच तीन दिवस जातात, याचे फार वाईट वाटते. ज्यांना तो विधी करायचाच आहे, त्यांनी पहिली गोळी घेतल्यावर करावा.

सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांत जिथे मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे, तिथे गोवरात लाल झालेले डोळे अधिक जपावे लागतात. गोवर शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपवतो आणि तो आधीच कमी असेल तर बुबुळ कोरडे पडून विरघळू लागते. त्यामुळे गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी दिले जातात: सहा महिन्यांच्या आतील बाळाला 50,000, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला 1 लाख आणि वर्षावरील मुलाला 2 लाख आंतरराष्ट्रीय एकक. रातआंधळेपणा किंवा कोरडे, सुरकुतलेले बुबुळ दिसले तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा डोस द्यावा लागतो. हे डोस आरोग्य कर्मचाऱ्यांकडूनच घ्यावेत.

पाचवी पायरी: घरात आणि आश्रमशाळेत प्रसार रोखणे

संसर्ग हातांतून, कापडांतून आणि वस्तूंवरून पसरतो. ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, कधी आठवडेही तग धरतो आणि अल्कोहोलचे सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसे भरवशाचे ठरत नाही, म्हणून साबण आणि वाहते पाणी यांनाच पहिली पसंती द्यावी. खांद्यावरचा रुमाल आणि आईचा पदर हे दोन आपल्याकडचे मोठे वाहक आहेत. त्याच पदराने एका लेकराचे डोळे पुसून दुसऱ्याचे तोंड पुसले जाते. आजार असेपर्यंत डोळे पुसायला कापसाचे बोळे किंवा वापरून टाकायचे कागदी रुमाल वापरावेत, उशीची खोळ रोज बदलावी आणि टॉवेल गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. मोबाइल, दाराची कडी, नळाची तोटी, चष्म्याच्या काड्या रोज पुसाव्यात. त्यासाठी 5 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइट द्रावणाचे 20 मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळून वापरता येते, मात्र मोबाइल किंवा चष्म्यासाठी कापड केवळ ओलसर असावे आणि हे द्रावण शौचालयाच्या ॲसिडात कधीही मिसळू नये.

आश्रमशाळेत डोळे आलेल्या मुलांची झोपण्याची जागा वेगळी करावी, त्यांना स्वतंत्र बादली व टॉवेल द्यावा आणि पाणी हौदातून न घेता शक्यतो नळातून घेऊ द्यावे. डोळ्यातून स्राव येत आहे तोवर मुलाला वर्गात बसवू नये. ॲडिनोव्हायरसच्या संसर्गात हा काळ दहा ते चौदा दिवसांपर्यंत जाऊ शकतो. परंतु मुलाला एकट्याने बसमध्ये बसवून पाड्यावर पाठवण्याचा मार्ग टाळावा, कारण त्यामुळे साथ बसमध्ये आणि पाड्यावर पोहोचते. अधीक्षकांनी वहीत नाव, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि दिनदर्शिकेवरून रोज तपासलेली नजर लिहून ठेवावी. एका आठवड्यात अनेक मुलांचे डोळे आल्याचे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि वहीत ज्या मुलाची नजर कालच्यापेक्षा कमी नोंदली गेली असेल, त्याला त्याच दिवशी वाहन करून रुग्णालयात न्यावे.